फोनशी बोलणारी मोटार : जुन्या गाडीत स्वतः बसवावयाची माहिती-मनोरंजन यंत्रणा

इंजिन उत्तम स्थितीत, रंग शाबूत, टायर नुकतेच बदललेले. पण डॅशबोर्डमधला टेप मात्र सीडीच्या, क्वचित कॅसेटच्याही काळातला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या असंख्य मोटारींची आज हीच अवस्था आहे. मोटार पंधरा वर्षे सहज चालते. फोन मात्र तीन-चार वर्षांतच जुना होतो. या दोन आयुष्यांचा मेळ बसत नाही, आणि त्यातून मार्ग काढण्यासाठी चालक फोन मांडीवर, दोन आसनांच्या मधल्या खणात किंवा रबरी पकडीने काचेवर ठेवतो. नकाशा पाहण्यासाठी नजर खाली वळते, फोन आला की हात सुटतो. गैरसोय सोसता येते, अपघात सोसता येत नाही.

यावर उपाय म्हणजे फोनला मोटारीतील पडदा, ध्वनिवर्धक आणि मायक्रोफोन यांच्याशी जोडणारी यंत्रणा. नव्या मोटारींत ती कारखान्यातूनच बसवून येते. जुन्या मोटारीत ती बाजारातून विकत घेऊन बसवता येते किंवा थोडे कष्ट घेण्याची तयारी असल्यास सुट्या भागांतून स्वतः जुळवताही येते. या यंत्रणेचे स्वरूप, तिच्या जोडणीतील टप्पे, धोके आणि कायद्याच्या मर्यादा यांची माहिती येथे दिली आहे.

थोडा पूर्वेतिहास

मोटारीत करमणुकीचे साधन असावे ही कल्पना नवी नाही. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने मोटारीसाठी रेडिओ विक्रीस आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढे कंपनीनेही तेच नाव धारण केले. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील क्रायसलरने मोटारीत तबकड्या वाजवण्याचे यंत्र बसवून पाहिले. खड्ड्यांपुढे ते फार टिकले नाही. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने मात्र मोटारीत कायमचे घर केले. तिच्यामागून सीडी, मग यूएसबी आणि ब्लूटूथ आले.

या साऱ्या बदलांत एक गोष्ट फारशी बदलली नाही, ती म्हणजे डॅशबोर्डमधील खाच. जर्मन मानकावरून तिला ‘डिन’ म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७७३६ मध्येही तिचा समावेश आहे. एकेरी डिनचा दर्शनी भाग सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असतो. दुहेरी डिनची उंची १०० मिलिमीटर असते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत रुंदी २०० मिलिमीटर असते. काही गाड्यांत टेप डॅशबोर्डच्या आकारातच मिसळलेला असतो. तेथे त्या गाडीसाठीच तयार केलेली प्लास्टिकची फ्रेम घ्यावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी पहिले काम म्हणजे पट्टीने मोजमाप घेणे. रुंदी-उंचीइतकीच खोलीही महत्त्वाची, कारण टेपच्या मागे वायरींचा जुडगा आणि वातानुकूलन यंत्राचे नळ यांनाही जागा लागते.

फोन आणि मोटार यांची भाषा

फोन मोटारीशी कोणत्या भाषेत बोलतो हे समजल्याशिवाय साहित्याची निवड करता येत नाही. सर्वांत साधी भाषा ब्लूटूथची. तीतही वेगवेगळी कामे वेगवेगळ्या नियमावल्यांनी होतात : संगीतासाठी ए-टू-डी-पी, संभाषणासाठी एचएफपी आणि गाणे पुढे-मागे करण्यासाठी एव्हीआरसीपी. एखाद्या स्वस्त यंत्रात गाणी वाजतात पण फोनवर बोलता येत नाही, याचे कारण त्यात दुसरी नियमावली नसते.

दुसरी भाषा पडद्याची. नोकियाच्या पुढाकारातून ‘मिररलिंक’ ही पद्धत आली आणि २०११ पासून अनेक कंपन्यांच्या संघाने ती पुढे नेली. परंतु अ‍ॅपलने २०१४ मध्ये ‘कारप्ले’ व गूगलने २०१५ मध्ये ‘अँड्रॉइड ऑटो’ ग्राहकांच्या हाती दिले आणि मिररलिंक मागे पडली. २०२० मध्ये सॅमसंगनेही तिचा पाठिंबा थांबवला. ज्यांनी तिच्या भरवशावर महागडी यंत्रे घेतली होती, त्यांच्या डॅशबोर्डवर चांगला पडदा असूनही तो नव्या फोनशी बोलेनासा झाला. निवड करताना हा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अँड्रॉइड ऑटोची रचना अशी आहे की, विचार सारा फोन करतो आणि मोटारीतील यंत्र केवळ ऐकते व दाखवते. नकाशा फोनमध्येच रेखाटला जातो, त्याचे चलचित्र आकुंचित स्वरूपात यूएसबी वायरीतून पडद्याकडे जाते, आणि बोटाने पडद्यावर केलेला स्पर्श उलट दिशेने फोनकडे येतो. बिनतारी जोडणीत प्रथम ब्लूटूथवर ओळख पटते आणि नंतर चित्र व ध्वनी वायफायवरून वाहतात; ब्लूटूथचा वेग त्या कामास पुरत नाही. या रचनेचा मोठा लाभ हा की फोन बदलला की यंत्रणा आपोआप नवी होते. याउलट, ज्या गाड्यांत सिमकार्डसह सर्व बुद्धी डॅशबोर्डमध्येच असते, त्यांचे नशीब दूरसंचार जाळ्याशी बांधलेले असते. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले थ्रीजी जाळे बंद केले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या अनेक मोटारींमधील जोडसेवा बंद पडल्या. गाड्या मात्र धडधाकट होत्या.

तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त. मूळ टेप तसाच ठेवावा आणि त्याच्या ‘ऑक्स’ छिद्रात ब्लूटूथचा छोटा ग्राहक जोडावा. फोन पक्क्या पकडीत डॅशबोर्डवर बसवावा. ऑक्स नसल्यास एफएम प्रक्षेपक मिळतो, पण शहरात जेथे एफएम केंद्रांची गर्दी आहे तेथे त्यात खरखर येते. केवळ गाणी आणि दिशादर्शन एवढीच अपेक्षा असेल, तर याहून अधिक खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले या दोन्ही पद्धती चालणारे तयार दुहेरी डिन यंत्र घेऊन ते स्वतः बसवणे. बहुसंख्य वाचकांना हाच सोयीचा. येथे एक भेद लक्षात घ्यावा. बाजारात ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ या नावाने मिळणारी अनेक यंत्रे म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला एक स्वतंत्र टॅब्लेट असतो. अँड्रॉइड ऑटो त्याहून वेगळे. दुकानात आपला फोन जोडून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॉक्सवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले, तरी बाहेरील अ‍ॅम्प्लिफायरशिवाय अशा यंत्रातून प्रत्येक ध्वनिवर्धकास सातत्याने मिळणारी शक्ती सुमारे २० वॅटच्या आसपास असते, हेही जाणून असावे.

तिसरा मार्ग हौशी मंडळींचा : रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, स्पर्शपटल आणि मुक्त आज्ञावली यांतून स्वतःचे यंत्र घडवण्याचा. २०१८ मध्ये ‘ओपनऑटो’ ही मुक्त आज्ञावली प्रसिद्ध झाली. फोनला ती अँड्रॉइड ऑटोचे मोटारीतील यंत्र असल्याचे भासवते. तिच्यावर आधारलेली ‘क्रँकशाफ्ट’ ही तयार प्रणाली मेमरी कार्डावर उतरवून थेट वापरता येत असे. हे प्रकल्प स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, त्यांना गूगलची अधिकृत मान्यता नाही आणि फोनमधील अ‍ॅप बदलले की कधी कधी जोडणी बिघडते. म्हणून आज हा मार्ग धरणाऱ्याने प्रकल्पाची अलीकडची आवृत्ती केव्हाची आहे आणि ती आपल्या संगणकाच्या पिढीवर चालते का, हे आधी पाहावे. कारप्लेच्या बाबतीत अडचण अधिक आहे. अ‍ॅपल यंत्राची ओळख एका विशिष्ट चिपद्वारे पडताळते, त्यामुळे केवळ आज्ञावलीने काम भागत नाही. अशी चिप असलेला बाह्य जोडक लावावा लागतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत मिळू शकतात. तेथे तासभर फिरून, भाग हाताळून घेतलेले साहित्य बरेचदा चित्र पाहून मागवलेल्या साहित्यापेक्षा बरे ठरते.

विद्युतपुरवठा : खरी परीक्षा

या कामात आज्ञावलीपेक्षा अधिक घोटाळे विद्युतपुरवठ्यात होतात. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली, तरी ती आकडा कधीच स्थिर ठेवत नाही. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे हा आकडा सुमारे १४ पर्यंत जातो, आणि स्टार्टर फिरवताना क्षणभर १० च्या खालीही येतो. रास्पबेरी पायला मात्र स्थिर ५ व्होल्ट हवे असतात. दाब सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली आला की तो पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवून तक्रार करतो.

म्हणून मोटारीसाठी बनवलेला, विस्तृत दाबपट्टा सहन करणारा १२ वरून ५ व्होल्ट करणारा परिवर्तक घ्यावा. हिशेब सोपा आहे. संगणकास ६ ते ७ वॅट, सात इंची पडद्यास अडीच-तीन वॅट आणि फोन भारित करण्यास १० वॅट धरले, तर एकूण सुमारे २० वॅट होतात. म्हणजे ५ व्होल्टवर ४ अँपिअर. परिवर्तक त्याहून मोठा, किमान ५ अँपिअरचा असावा. बॅटरीच्या बाजूने हा प्रवाह दोन अँपिअरहूनही कमी असतो, त्यामुळे त्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज जेथून वीज घेतली त्या ठिकाणाजवळ असावा, यंत्राजवळ नव्हे. कारण फ्यूजचे काम यंत्र वाचवणे हे नसून वायर पेटू न देणे हे आहे. डॅशबोर्डखाली एखादी वायर धातूच्या कडेवर घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडचा भागच धोक्याचा असतो. तो जितका आखूड तितके बरे.

पुढचा प्रश्न गाडी उभी असतानाचा. टेपच्या जागी साधारणतः दोन प्रकारची वीज येते : एक कायमची आणि दुसरी चावी फिरवल्यावर येणारी. यंत्र चुकून कायमच्या विजेवर चालू राहिले तर काय होते? समजा ते केवळ पाव अँपिअर प्रवाह खाते. दिवसाला ६ अँपिअर-तास, तीन दिवसांत १८. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते; म्हणजे लांबच्या सुट्टीवरून परतल्यावर गाडी चालू होण्याची आशा सोडावी. मुख्य पुरवठा चावीच्या विजेवरूनच नियंत्रित व्हावा.

पण येथे रास्पबेरी पायची एक खोड आडवी येते. हा संगणक आहे. चावी काढताच त्याची वीज तोडली तर मेमरी कार्डावरील नोंदी बिघडू शकतात. त्यावर दोन उपाय आहेत. कार्ड केवळ वाचण्यापुरते खुले ठेवणारी प्रणाली वापरावी, किंवा चावी काढल्याचा संकेत देऊन अर्ध्या-एक मिनिटाने वीज तोडणारे नियंत्रक मंडल जोडावे. दुसरा उपाय अधिक खात्रीचा. पॉवर बँक लावून ही अडचण टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. उन्हात उभ्या राहणाऱ्या बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे.

जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका वाचावी. काही गाड्यांत बॅटरी काढली की मूळ टेप सांकेतिक क्रमांक मागतो; तो आधी शोधून ठेवावा. मग बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे. हे थांबणे एअरबॅगसाठी आहे, कारण तिच्या मंडलात काही काळ वीज साठून राहते. एअरबॅगच्या वायरी व कपलर सामान्यतः पिवळ्या आवरणातले असतात. त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये, त्यांतून वीज घेऊ नये आणि त्यांवर मल्टिमीटरही लावू नये.

गाडीच्या मूळ वायरी कापू नयेत. जवळपास प्रत्येक गाडीसाठी जोड-कपलर मिळतो. त्याचे एक टोक गाडीच्या कपलरमध्ये बसते आणि दुसरे नव्या यंत्राकडे जाते. पुढे गाडी विकताना मूळ टेप पुन्हा बसवता येतो, ही त्याची आणखी एक सोय. बाजारातील यंत्रांच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात : पिवळी कायमच्या विजेची, लाल चावीच्या विजेची, काळी अर्थिंगची, निळी अँटेनाची आणि निळी-पांढरी बाहेरील अ‍ॅम्प्लिफायरची. ध्वनिवर्धकांसाठी पांढरी पुढच्या डाव्या बाजूची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या बाजूची. त्याच रंगाची काळ्या पट्ट्याची वायर ऋण टोकाची. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात. तेथे रंगावर विसंबू नये. बॅटरी पुन्हा जोडून, चावी बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत मल्टिमीटरने मोजून खात्री करावी आणि मग बॅटरी सोडवूनच जोडणी करावी. काही गाड्यांत कायमची आणि चावीची वीज प्रचलित जागांच्या उलट असते. असे झाले की यंत्र चावी काढल्यावर वेळ, केंद्रे व आवाजाची मांडणी विसरते.

एक चूक फार होते. ध्वनिवर्धकाचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडून वायर वाचवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. आजच्या यंत्रांत ध्वनिवर्धकाची दोन्ही टोके अ‍ॅम्प्लिफायरकडूनच चालवली जातात. त्यांपैकी एखादे पत्र्याला लागले की अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

स्वतः घडवलेल्या यंत्रात ध्वनीचा प्रश्न वेगळा. रास्पबेरी पायच्या काही पिढ्यांतील हेडफोनच्या छिद्रातून निघणारा ध्वनी सामान्य प्रतीचा असतो, पाचव्या पिढीत तर ते छिद्रच नाही, आणि मायक्रोफोन जोडण्याची सोय कोणत्याच पिढीत नाही. म्हणून यूएसबी ध्वनिकार्ड घ्यावे. दोन्ही गरजा त्यातच भागतात. त्यातून निघालेला ध्वनी मूळ टेपच्या ऑक्समध्ये दिला तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नको, ध्वनिवर्धकांच्या वायरींना हात लावायला नको आणि स्टिअरिंगवरील आवाजाची बटणेही चालू राहतात. अँड्रॉइड ऑटोत फोनवरील संभाषण मात्र यूएसबीतून न येता ब्लूटूथने येते. घरी घडवलेल्या यंत्रात सर्वाधिक कुरबुरी याच ठिकाणी होतात. तेव्हा गाडीत बसवण्यापूर्वी टेबलावरच आठवडाभर फोन घेऊन-करून पाहावा.

मायक्रोफोन चालकाच्या तोंडासमोर, आरशाजवळ किंवा छताच्या कडेला असावा. वातानुकूलन यंत्राच्या झोताजवळ नसावा. मागचा कॅमेरा जोडायचा असल्यास त्याला मागच्या पांढऱ्या दिव्याची वीज देतात, आणि त्याच विजेचा संकेत पडद्याला दिला की रिव्हर्स गिअर टाकताच चित्र बदलते.

ऊन आणि खड्डे

घरातील टेबलावर निर्दोष चालणारे यंत्र मे महिन्यात गाडीत बंद पडते, याचे कारण उष्णता. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सियसच्याही पुढे जाऊ शकतो. रास्पबेरी पायचा प्रक्रियक ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतो. त्याला धातूचे उष्णताशोषक लावावे, त्याची जागा सरळ उन्हात नसावी आणि मागे हवा खेळती असावी. त्रिमितीय छपाईने फ्रेम करून घेणाऱ्यांनी पीएलए हे साहित्य टाळावे. ते साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि फ्रेम वाकते. त्याऐवजी एबीएस निवडावे.

खड्ड्यांचा हिशेबही करावा लागतो. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड घाटरस्त्यावर सुटतो. जोड सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी किंवा पक्क्या दाबजोडांचा वापर करावा. वायरींना जागोजागी बांधावे आणि त्या पेडल, स्टिअरिंगचा दांडा व गिअर यांच्या वाटेत कधीही येऊ नयेत.

नेहमीचे दोष

इंजिनाचा वेग वाढला की ध्वनिवर्धकातून शिट्टीसारखा आवाज वाढतो, अशी तक्रार सर्वाधिक येते. मूळ टेप आणि नवे यंत्र वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केल्यामुळे दोहोंत सूक्ष्म दाबफरक राहतो आणि अल्टरनेटरची कुजबुज त्यातून आत शिरते. दोन्हींचे अर्थिंग एकाच ठिकाणी करावे. तरीही न थांबल्यास ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा.

अँड्रॉइड ऑटो मधूनच तुटत असेल, तर आधी वायर बदलून पाहावी. केवळ भारणासाठी बनवलेल्या स्वस्त वायरींत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात किंवा त्या कमकुवत असतात. एक मीटरहून आखूड, चांगल्या प्रतीची वायर बहुतेक दुखणी दूर करते. स्टार्टर फिरवताना यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर परिवर्तक दाबातील घसरण सोसत नाही असे समजावे. रेडिओची केंद्रे पूर्वीपेक्षा क्षीण ऐकू येत असतील, तर अँटेनाची निळी वायर जोडायची राहिली आहे का, ते पाहावे. अनेक गाड्यांत अँटेनामध्येच छोटा वर्धक असतो व त्याला या वायरीतून वीज लागते.

दिशादर्शनाबाबत एक सूचना. उपग्रहाचा संकेत असला, तरी नकाशा आणण्यासाठी फोनला जाळे लागते. कोकणात उतरणाऱ्या घाटांत किंवा सह्याद्रीच्या कुशीतील गावांत ते मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा.

कायदा, विमा आणि नजर

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, वाहन चालवताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने केवळ दिशादर्शनासाठी हे साधन वापरण्यास मुभा दिली आहे. पक्क्या बसवलेल्या पडद्याचे महत्त्व येथे दिसते. मात्र त्या पडद्यावर चालकाच्या नजरेसमोर चित्रपट लावणे कोणत्याही मुभेत बसत नाही. बाजारातील काही यंत्रांत हँडब्रेकशी निगडित चित्रबंदी असते. ती वायर पत्र्याला जोडून फसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये.

गाडी हमीच्या मुदतीत असल्यास, वायरिंगमध्ये फेरफार केल्याचा हमीवर काय परिणाम होईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही नव्या विद्युत उपकरणाची माहिती द्यावी व त्याची पावती जपून ठेवावी. नाहीतर आग लागल्यास दाव्याच्या वेळी नको ते प्रश्न उभे राहतात.

पडद्याची जागा ठरवताना एक हिशेब मनाशी करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी ३३ मीटर, म्हणजे तीन बसगाड्यांच्या लांबीइतकी, न पाहता पुढे गेलेली असते. त्यामुळे पडदा शक्य तितका उंच आणि रस्त्याच्या दृष्टिरेषेजवळ असावा. पण समोरची काच झाकणारा नसावा, आणि एअरबॅग उघडण्याच्या मार्गात तर मुळीच नसावा. रात्री त्याचा प्रकाश आपोआप मंद होईल अशी योजना करावी. पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी घालावा. वाटेत बदल हवा असल्यास तोंडी आज्ञा द्यावी किंवा गाडी बाजूला घ्यावी.

कोणी कोणता मार्ग धरावा?

ज्यांना केवळ गाणी व नकाशा हवा, त्यांनी ब्लूटूथ ग्राहक आणि पक्की पकड घेऊन समाधान मानावे. ज्यांना नीटनेटकी, कुटुंबातील कोणालाही चालवता येईल अशी यंत्रणा हवी, त्यांनी तयार यंत्र घ्यावे. जोड-कपलर मिळत असेल तर एका सुट्टीच्या दिवशी ते काम घरी होते. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री हाताळण्याची सवय असलेल्यांनी, आणि बिघाड शोधण्यातही ज्यांना रस वाटतो त्यांनीच रास्पबेरी पायकडे वळावे. त्यात पैशांची बचत फारशी होत नाही. भाग सुटे घेतले, तर एकूण खर्च तयार यंत्राच्या जवळपास येऊ शकतो. लाभ दुसरा आहे : आपल्या गाडीत कोणती वायर कोठून कोठे जाते हे कळते, आणि उद्या एखादी कंपनी तिच्या यंत्राचा पाठिंबा थांबवेल तेव्हा डॅशबोर्ड उघडून काय बदलायचे, हे आपले आपल्याला ठरवता येते.

कपलर, वायरी किंवा एअरबॅग यांबाबत जेथे शंका वाटेल, तेथे काम थांबवून जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवावी. काम पूर्ण झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा दाब मोजून लिहून ठेवावा. आकडा दिवसागणिक उतरत नसेल आणि डॅशबोर्डमागे हात लावल्यास कोणतीही वायर गरम लागत नसेल, तर जोडणी पक्की झाली असे समजण्यास हरकत नाही.